चोवीस तास सगळ्यांना सारखे नसतात

आज रविवार. सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये व्याख्यान होतं, विषय ‘ध्येय आणि अडथळे’. दीड तास बसून ऐकलं. घरी आल्यापासून डोकं तडकलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

गृहस्थ बोलायला चांगले होते. कारणं देणारा माणूस पुढे जात नाही, पहाटे पाचला उठा, ध्येय कागदावर लिहून आरशाला चिकटवा. इथपर्यंत ठीक. पण शेवटी चहाचे कप गोळा करणाऱ्या आमच्या साफसफाईच्या मावशींना त्यांनी मध्येच थांबवलं. “मावशी, किती शिकलात?” “आठवी.” “मग पुढे का नाही शिकलात?” मावशी म्हणाल्या, “येळच नाही गावला.” तसे हे आमच्याकडे वळून म्हणाले, “बघा! चोवीस तास तर सगळ्यांना सारखेच मिळतात ना?” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी ट्रे घेऊन तशाच उभ्या. हसावं की निघून जावं, त्यांना कळेना.

नाही हो. नसतात सारखे. आणि हे मला तुम्हाला पटवून द्यावं लागू नये.

माझी आई सोलापुरात अंगणवाडीत मदतनीस होती. सातवी पास. सकाळी घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, झाडलोट करायची, खिचडी वाढायची, भांडी घासायची. तिला सेविका, म्हणजे अंगणवाडीतली शिकवणारी बाई, व्हायचं होतं. तेव्हा त्यासाठी दहावी लागायची, आता तर बारावी मागतात. २०१२ साली, एकेचाळिसाव्या वर्षी, तिने सतरा नंबरचा फॉर्म भरायचं ठरवलं. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा हा फॉर्म.

तिची इच्छा कमी होती का? मी लहान असल्यापासून ती माझी जुनी पुस्तकं रद्दीत घालू द्यायची नाही. इच्छा होतीच. अडलं कुठे ते ऐका.

आधी शाळा सोडल्याचा दाखला. तिची शाळा माहेरी, अक्कलकोट तालुक्यात. एसटीने तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला कारकून रजेवर, दुसऱ्या खेपेला जुनं रजिस्टर सापडेना. तिसऱ्या वेळी सापडलं, तर त्यात माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं. मग प्रतिज्ञापत्र करा. दर खेपेला सुट्टी मागायची, बाईंची बोलणी खायची. एका कागदासाठी दीड महिना गेला. आरशाला काय चिकटवलं असतं म्हणजे तो दाखला लवकर मिळाला असता?

मग पाणी. सोलापूरच्या लोकांना सांगायला नको, नळाला तीन-चार दिवसांआड पाणी, आणि ते कधी येईल याचा नेम नाही. पहाटे साडेतीनला आलं तर साडेतीनला उठायचं. बॅरल, घागरी, पातेली, बादल्या, सगळं भरायचं. पहाटे पाचला उठा म्हणे. पाचला तिचं अर्ध्या दिवसाचं काम उरकलेलं असायचं!

अभ्यास रात्री दहानंतर, भांडी आवरून. पत्र्याच्या ट्रंकेवर वही ठेवून बसायची. दहा मिनिटांत मान पडायची. ती वही अजून आहे आमच्याकडे. बीजगणिताचं उदाहरण अर्ध्यावर आलेलं असतं आणि तिथून पेनची निळी रेघ घसरत थेट पानाच्या कडेपर्यंत गेलेली असते. अशा रेघा पानापानावर आहेत. व्याख्यान ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर त्याच येत होत्या.

मार्च २०१३ मध्ये परीक्षा झाली. पहिल्या दिवशी केंद्राच्या गेटवर शिपाई म्हणाला, “पालकांनी बाहेर थांबायचं.” तिने पिशवीतून हॉल तिकीट काढून दाखवलं आणि आत गेली. घरी आल्यावर हे तिने सांगितलं नाही, महिनाभराने सांगितलं.

निकालात गणित राहिलं.

आता जे लिहितेय ते लिहायला जड जातंय. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. गणित मीच शिकवायचे तिला. एकदा, अण्णा, म्हणजे माझे वडील, समोर बसले होते, मी चिडून म्हटलं, “एवढं साधं समीकरण येत नाही तुला?” ती काही बोलली नाही. वही मिटली आणि दूध बघायला उठली. त्यानंतर तिने मला एकही गणित विचारलं नाही. आणि माझं जेवण, माझा डबा, माझे धुतलेले कपडे मला वेळेवर मिळतच होते. तिच्या चोवीस तासांतले किती तास माझ्याकडे होते, हे मोजायची बुद्धी मला तेव्हा झाली नाही.

मग अडथळे मनात असतात म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, कुणाच्या मनात? तिच्या की आमच्या?

वाट काढली ती शेजारच्या काकूंनी. त्या विड्या वळायच्या. दिवसभर मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू, हजार विड्यांचा हिशेब. निकाल कळला तेव्हा आमच्या उंबऱ्यात बसून म्हणाल्या, “सांजच्याला सात ते आठ तू माझ्याकडं येऊन बस. तुझ्या भाकऱ्या मी थापते.” बस, एवढंच. भाषण नाही, काही नाही. आई त्यांच्या खोलीत दार लोटून अभ्यास करायची आणि काकू आमच्या चुलीपुढे. अण्णांनाही मग लाज वाटली असावी, पाणी भरायचं त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी भांडी घासायला लागले. त्या एका तासापायी काकूंच्या विड्या कमी वळल्या जायच्या, त्याचे पैसे त्यांनाच कमी मिळायचे. हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा पुरवणी परीक्षा ऑक्टोबरात असायची, २०१५ पासून ती जुलैत घ्यायला लागले. आईला ते महिने मिळाले. गणितात एकेचाळीस पडले. पुढे जागा निघायला दोन वर्षं लागली, पण ती सेविका झाली.

हे काही आजचं शहाणपण नाही. १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला पहाटे उठून जिद्द दाखव असं सांगत बसले नाहीत. त्याच्या सवडीला शाळा आणून ठेवली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्या गावात हे कळलं होतं, त्याच गावात आज सकाळी आपण टाळ्या वाजवल्या. मीही तिथेच बसले होते, उठून बोलले नाही, याचा सगळ्यात जास्त राग आहे.

हो, काही जणांना अशा व्याख्यानाने उभारी येते, मान्य. आणि मुळात आईलाच शिकायचं नसतं तर काकूंच्या भाकऱ्यांनी काही झालं नसतं, हेही खरं. पण जिच्याकडे तास नाही तिला तास सारखेच म्हणून भर सभेत गप्प करायचं, आणि तेही ती तुमचेच उष्टे कप उचलत असताना? मला नाही सहन होत. माझ्या मित्रयादीत कुणाला होत असेल असं वाटत नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. दुपारी खाली गेले होते. मावशी जिन्यात बसून डबा खात होत्या. मी शेजारी बसले, आईचं सगळं सांगितलं. सतरा नंबरचा फॉर्म आता ऑनलाइन भरतात, दाखला असेल तर मी भरून देते म्हटलं. त्यांनी घास खाली ठेवला. “दाखला हाय माझ्याकडं,” म्हणाल्या. “प्लास्टिकच्या पिशवीत ठिवलाय. लातूरहून येताना संगं आणला होता.” किती वर्षं झाली विचारलं, तर एकोणीस.

एकोणीस वर्षं भाड्याच्या खोल्या बदलताना तो कागद त्यांनी जपून ठेवलाय. आणि सकाळी आपण त्यांना काय ऐकवलं!

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, आई, फॉर्म मी भरते, पुस्तकं आणते, गणितही शिकवते, या वेळी न चिडता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते करशील गं. पण तिच्या घरात सांजच्या भाकऱ्या कोण थापतं, ते विचारलंस का?”

नव्हतं विचारलं. उद्या सकाळी त्या जिना पुसायला आल्या की विचारते.