सत्कार कराच, पण ज्यांचा करायलात त्यांना ऐकू येतं का एवढं तरी बघा

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहायलोय. लांब होईल. वाचायचं त्यांनी वाचा.

आज नांदेडात दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सत्कार होता. फ्लेक्सवर 'निवृत्त गिरणी कामगारांचा सन्मान सोहळा' असं लिहिलेलं, आणि त्याच फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे डझनभर फोटो. कामगाराचा एकही नाही. याचं आता कुणाला काही वाटत नाही, मलाही वाटलं नाही. दहाला बोलावलेली सत्तरी-ऐंशीतली माणसं पाहुण्यांची वाट बघत दुपारपर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिली, तेही गिळलं.

मग माइकवर दादांचं नाव पुकारलं. दादा जागचे हलेनात. परत पुकारलं. तिसऱ्या वेळी निवेदक म्हणाला, "आजोबांची डुलकी लागली वाटतं!" सगळा मांडव खो खो हसला. दादा माझ्याकडं वळून म्हणाले, "काय म्हनायला रे तो?"

डुलकी नव्हती हो लागली. त्यांना ऐकू येत नाही. उस्मानशाही मिलच्या लूम खात्यात शेकडो माग एकदम चालायचे, त्या खडखडाटात त्यांची उमर गेली. ज्या नोकरीसाठी तुम्ही शाल पांघरायलात, तिनंच त्यांचे कान खाल्लेत. एवढंही ठाऊक नसेल तर सत्कार नेमका कशाचा करायलात?

लूम खात्यातली माणसं एकमेकांशी ओठांवर आणि हातवाऱ्यांवर बोलायची. दादा अजूनही ओठ वाचतात. आई अंगणाच्या त्या टोकाला पुटपुटली तरी हे इकडून उत्तर देतात, तिची पंचाईत होते. आज निवेदकाचं तोंड माइकच्या आड होतं. ओठ दिसले असते तर पहिल्या हाकेलाच उठले असते.

बरं, मिल काय होती हे तरी कुणी स्टेजवरून सांगावं? पाहुण्यांनी वीस मिनिटं स्वतःच्या कामांची यादी वाचली. मराठवाड्यात कापसाचा धंदा फुलला तो १९०० साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आल्यावर. गावोगाव सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारे जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. तेव्हाच्या औरंगाबादेत तर त्याआधीच, १८८९ साली, सूतगिरणी आणि कापड गिरणी निघाली होती, सातशे माणसं कामाला. आज तिथं पाहुण्यांना हिमरूचं विणकाम दाखवतात, गिरणीचं नाव कुणी काढत नाही. आणि आपलं नांदेड म्हणजे कापसाचंच गाव. इथल्या कापूस संशोधन केंद्राचं एनएचएच-४४ वाण शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं लावलं. बाहेर कापूस पिकायचा आणि आत कापड निघायचं, असा तो काळ. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर मिल एनटीसीची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची झाली, पण लेबर कॉलनीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून उस्मानशाहीच आहे.

आता इथं एकजण हमखास येणार: "निजामाच्या नावाची मिल, तिचं काय कौतुक?" त्याला आधीच सांगून ठेवतो. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला मी तुझ्या आधी हजर असतो. नाव निजामाचं असेल, रात्रपाळीला डबा घेऊन जाणारी माणसं आपली होती. ती कुठल्या नावाच्या गेटातून आत जायची, याचा हिशेब त्यांच्याकडून काय मागतोस?

मिल बंद पडली. ती तोट्यात होती, मशिनरी जुनाट झाली होती, युनियनच्या पुढाऱ्यांनीही काही कमी घोळ घातले नाहीत. मान्य. त्यात लूम चालवणाऱ्याची काय चूक, ते मात्र मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आणि पेन्शन! ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. हजार! बीपीच्या गोळ्या आणि गॅस सिलिंडरातच संपते. पेन्शनर साडेसात हजार मागत वर्षानुवर्षं रस्त्यावर बसायलेत. स्टेजवर त्याबद्दल चकार शब्द नाही. 'आपल्या घामानं शहर घडलं' म्हणे. दादांनी तेही ऐकलं नाही, बरंच झालं.

घरी आल्यावर जरा शांत झालो. चहा पिताना सहज विचारलं, दादा, मागावर आडवं सूत नेणाऱ्या त्या धोट्यात सूत कसं ओवायचे? तर उठून बसले. दोन बोटांत नसलेला धोटा धरला, तोंडाला लावला आणि जोरात श्वास आत ओढला. सुताचं टोक भोकातून असं तोंडानं ओढून काढायचं, दिवसातून कितीदा त्याची गणतीच नाही. सुताबरोबर कापसाची धूळ सरळ घशात. खोकल्याला तेव्हा कुणी आजार म्हणत नव्हतं. मग ताण्याच्या तुटलेल्या उभ्या सुताला गाठ कशी मारायची तेही दाखवलं, माझ्या बनियनचा दोरा घेऊन. बोटं थरथरायलीत, पण गाठ अशी बसली की मला शेवटपर्यंत दिसली नाही. त्या मांडवात असे किती हात बसले होते! एकानंही त्यांना काही विचारलं नाही.

आयोजकांनी निदान बोलावलं तरी, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही, हेही खरं. पुढच्या वेळी शालीचे पैसे वाचवा. एक जुना माग कुठूनतरी मिळवून लोकांना बघता येईल असा ठेवा. शेजारी भिंतीवर कामगारांची नावं लिहा, खात्यासकट. जागेला मोल आलंय हे मलाही कळतं, पण एका भिंतीएवढी जागा या शहरात निघत नाही का?

तोवर आपण सुरुवात करू. तुमच्या घरातलं कुणी मिलमध्ये असेल तर खाली त्यांचं नाव, खातं आणि पाळी लिहा. जुनं गेटपास, पगाराची चिठ्ठी, ग्रुप फोटो सापडला तर तोही टाका. हयात नसतील त्यांचीही नावं लिहा. खात्याचं नाव आठवत नसेल तर काम काय करायचे तेवढं सांगा, मी दादांना विचारून खातं लिहितो. फक्त फोन करू नका, समोर येऊन बोला, त्यांना ओठ दिसायला पाहिजेत.