अंदमानात ‘बघण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांना

नाशिकच्या भटक्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणे, अंदमानला पक्षी बघायला जाणं म्हणजे पैसे पाण्यात. नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात त्याहून जास्त जाती दिसतात, तिकडे तेच कावळे, साळुंक्या, मोर आणि चितळ. शिवाय वाघ-बिबट्या नाही, मग जंगल कसलं? मला तो चार जणांनी पाठवला, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जातींचा हिशेब. नांदूरमध्यमेश्वर आपला जीव की प्राण. २०२० साली ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पण हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावरून दिसणारी बदकं जायकवाडीलाही दिसतात, भरतपूरलाही. बेटावर जाती मोजक्या असतात, पण मुख्य भूमीपासून तुटून वाढल्यामुळे त्यांतल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेच नसतात. नारकोंडम धनेश घ्या. त्याचं सगळं जग म्हणजे सात चौरस किलोमीटरही नसलेलं एक बेट. नाशिक महापालिकेच्या हद्दीत अशी तीसहून जास्त बेटं मावतील! तिथे पर्यटकांना जाता येत नाही, हे खरं. पण दक्षिण अंदमानातल्या चिडिया टापूला जाता येतं. तिथे सकाळी सातच्या सुमाराला एका वाळक्या खोडावर ठकठक ऐकू आली. मान वर केली तर अंदमानचा काळा सुतार: कोळशासारखं अंग, डोक्यावर लालभडक तुरा, आणि खोडाच्या सालीचे तुकडे थेट माझ्या टोपीवर पडत होते. हा पक्षी तुम्हाला गंगापूर धरणावर जन्मात दिसणार नाही.

चितळ आणि मोर तेच, हे मान्य. पण ते मूळचे तिथले नाहीतच, माणसाने नेऊन सोडलेले आहेत. घरकावळा आणि साळुंकीही तशीच. रॉस बेटावर (आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस बेट) हरणांसोबत फोटो काढून ‘अंदमानचं वन्यजीवन पाहिलं’ म्हणायचं आणि मग नावं ठेवायची, हे मला पटत नाही.

आणि वाघ-बिबट्या नाही, यातच तर खरी गोम आहे. चितळाला खाणारं कोणी नाही, म्हणून ते बेसुमार वाढलं आणि कोवळी रोपं फस्त करत सुटलं. उलट असे शिकारी नसल्यानेच जमिनीवर अंडी घालणाऱ्यांचं फावतं: निकोबारच्या मेगापोडसारखा पक्षी जमिनीवर पालापाचोळा आणि वाळूचा ढीग रचतो, त्यात अंडी पुरतो आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेवर ती उबवली जातात. किनाऱ्यालगतचे असे ढिगारे २००४ च्या त्सुनामीत मोठ्या प्रमाणावर वाहून गेले. ग्रेट निकोबारच्या गलाथिया खाडीचं अभयारण्य २०२१ मध्ये बंदरासाठी रद्द झालं. त्याच वाळूत महाकाय लेदरबॅक कासवं अंडी घालतात. ‘तिथे काही नाही’ हा मजकूर पुढे ढकलताना एवढं तरी ध्यानात घ्या.

जाणार असाल तर चिडिया टापूसाठी दोन सकाळी राखून ठेवा. आणि एका संध्याकाळी सूर्यास्त झाला की लगेच गाडीत बसू नका. अंधार पडल्यावर तिथली घुबडं बोलायला लागतात.