हिस्पॅनिक वारसा महिना आणि चुकीच्या जागी लागलेला झेंडा

काही वर्षांपूर्वीची १५ सप्टेंबरची सकाळ. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो परिसरातल्या ज्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते, तिथल्या लांब मार्गिकेत आदल्या संध्याकाळी वीसेक देशांचे झेंडे ओळीने टांगले गेले होते. त्यांच्याखाली साफसफाईची ढकलगाडी थांबवून एक बाई मान वर करून उभ्या होत्या. त्या मूळच्या मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या. या गावातल्या रिवाजाप्रमाणे त्या मला 'मिस' म्हणतात आणि मी त्यांना 'दोन्या' म्हणते, आपल्याकडे वडीलधाऱ्या बाईंना म्हणावे तसे. "मिस, हा आमचा नव्हे," त्या म्हणाल्या. एल साल्वादोरच्या पाटीवर निकाराग्वाचा झेंडा लागला होता आणि निकाराग्वाच्या पाटीवर त्यांचा.

लांबून पाहिले तर दोन्ही सारखेच दिसतात: वर-खाली निळा पट्टा, मध्ये पांढरा, त्यावर त्रिकोणी बोधचिन्ह. आमच्या त्रिकोणाभोवती पानांचा हार असतो, त्यांच्याकडे नुसती गोल अक्षरे, असे त्यांनी हाताने हवेत गोल काढून मला समजावले. होंडुरासच्या झेंड्यावर पाच तारे असतात, म्हणून तो तेवढा चुकला नव्हता. मी स्टूल आणले आणि आम्ही दोघींनी मिळून झेंडे बदलले. दुपारी कार्यक्रम झाला, भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. सकाळी काय घडले होते, हे कोणाला कळण्याचे कारणही नव्हते.

दरवर्षी हा महिना जवळ आला की मला तो प्रसंग आठवतो. अमेरिकेत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांशी मूळ नाते असलेल्या लोकांचा, वारसा महिना म्हणून पाळला जातो. तो महिन्याच्या मध्यावरच का सुरू होतो, असे मी आमच्याकडच्या अनेकांना विचारून पाहिले आहे आणि बहुतेकांनी खांदे उडवले आहेत. त्याचे उत्तर त्या निळ्या-पांढऱ्या झेंड्यांतच आहे. १५ सप्टेंबर १८२१ रोजी ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच प्रांतांनी मिळून स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढे काही वर्षे त्यांचे एक संघराज्यही होते. होंडुरासचे पाच तारे म्हणजे तीच पाच भावंडे, आणि झेंडे एकसारखे दिसतात तेही त्यामुळेच. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला येतो, चिलीचा १८ला. म्हणजे ज्यांच्या स्वातंत्र्यदिनापासून हा महिना मोजला जातो, त्यांचेच झेंडे आम्ही चुकवले होते.

ही चूक कोणाच्या दुष्टपणामुळे झाली नव्हती. कार्यक्रम करणाऱ्यांना हौस होती, वेळ नव्हता, आणि 'हिस्पॅनिक' हा शब्द एकदा उच्चारला की त्याच्या पोटात किती माणसे एकमेकांना अनोळखी आहेत याचा विसर पडतो. २०२०च्या जनगणनेत अमेरिकेतल्या ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणून नोंदवले. त्यांत जन्मतःच अमेरिकेचे नागरिक असलेले पोर्तो रिकोचे लोक आहेत, क्रांतीनंतर देश सोडलेल्या क्युबन लोकांची नातवंडे आहेत, यादवी युद्धातून जीव वाचवून आलेले साल्वादोरवासी आहेत. आणि आमच्या दक्षिण टेक्सासात अशी घराणी आहेत की जी कुठून आलीच नाहीत. त्यांचे पूर्वज इथे होते तेव्हा ही भूमी स्पेनची होती, मग मेक्सिकोची झाली, १८३६ मध्ये स्वतंत्र टेक्सासची आणि १८४५ मध्ये अमेरिकेची. 'आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमा आम्हाला ओलांडून गेली' असे ही मंडळी म्हणतात. मी बेळगावची आहे. १९५६ साली माझ्या आजोबांनी घराचा उंबरठाही न बदलता राज्य बदललेले पाहिले, त्यामुळे हे वाक्य मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

या महिन्याच्या जन्माची कथा आमच्या भागातच घडली आहे आणि ती एका महाविद्यालयापाशीच सुरू होते, याची जाणीव मात्र मला बरीच उशिरा झाली. इथून तासाभरावर सॅन मार्कोस आहे. तिथल्या शिक्षक महाविद्यालयात लिंडन जॉन्सन शिकत होते. पैसे संपले म्हणून १९२८ साली त्यांनी वर्षभर शिक्षण थांबवले आणि कोटुला नावाच्या लहानशा गावी, मेक्सिकन मुलांच्या वेलहाउसेन शाळेत नोकरी धरली. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. मुलांसाठी त्यांनी खेळाचे साहित्य मिळवले, वादविवाद स्पर्धा सुरू केल्या आणि शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलायचे नाही असा दंडकही ठेवला. हे सगळे एकाच माणसाने केले, आणि त्यातला एकच भाग निवडून सांगणे मला पटत नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर उच्च शिक्षण कायद्यावर सही करण्यासाठी ते ८ नोव्हेंबर १९६५ रोजी मुद्दाम सॅन मार्कोसलाच परत आले, आणि वेलहाउसेनमधल्या त्या मुलांना केवळ गरिबीमुळे कॉलेजचे दार बंद होते हे तेव्हा कळल्याची वेदना अजून आठवते, असे त्यांनी तिथे सांगितले. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९६८ मध्ये, त्यांच्याच सहीने हिस्पॅनिक वारसा सप्ताह सुरू झाला. त्यामागच्या खासदारांत लॉस एंजेलिसचे एडवर्ड रॉयबल होते आणि आमच्या सॅन अँटोनियोचे हेन्री गोन्झालेसही होते. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात सप्ताहाचा महिना झाला.

पण १९६८ हे साल केवळ सहीचे नव्हते. त्या मार्चमध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधल्या शाळांतून हजारो विद्यार्थी बाहेर पडले. १६ मे रोजी सॅन अँटोनियोच्या एजवुड हायस्कूलमधून सुमारे ४०० मुले वर्ग सोडून निघाली. त्यांच्या मागण्या साध्या होत्या: पात्र शिक्षक द्या आणि मोडकी इमारत दुरुस्त करा. एजवुडच्या पालकांपैकी दिमेत्रियो रॉड्रिगेझ आणि इतरांनी त्याच वर्षी खटला भरला. शाळांचा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे गरीब वस्तीतली मुले गरीब शाळेतच शिकतात, हा त्यांचा मुद्दा होता. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांनी त्या दिवशी एजवुडचा वर्ग सोडला होता. मार्गिकेतल्या झेंड्यांच्या ओळीत याचा कुठेही उल्लेख नसतो. माझी तक्रार एवढीच आहे की हा महिना कोणीतरी उदारपणे दिलेली भेट असल्यासारखा साजरा होतो, आणि त्याच साली आपल्या हक्कासाठी ज्यांनी वर्ग सोडले त्यांचे वारस त्याच मार्गिकेत उभे असूनही त्यांना ते सांगितले जात नाही.

भाषेचेही तसेच. पश्चिम टेक्सासात मार्फा नावाचे गाव आहे. तिथल्या ब्लॅकवेल शाळेत मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळे बसवून शिकवत असत. १९५४ मध्ये या शाळेत मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहून घेतले गेले, त्या एका पेटीत भरल्या गेल्या आणि ध्वजस्तंभापाशी खड्डा खणून 'मिस्टर स्पॅनिश' यांचे दफन करण्यात आले. आता ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. ज्या मुलांनी आपलीच भाषा आपल्या हातांनी पुरली, त्यांनी मोठेपणी स्वतःच्या मुलांशी इंग्रजीच बोलायचे ठरवले तर त्यांना नावे कोणी ठेवावीत? तरीही ठेवली जातात. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांना आजीचे बोलणे कळते, पण उत्तर इंग्रजीत द्यावे लागते, आणि त्याबद्दल नातेवाईक त्यांची चेष्टा करतात. एका मुलीने मला विचारले होते की स्पॅनिश येत नसेल तर या कार्यक्रमात नाव द्यायला चालेल का. मी तिला होय म्हटले. घरी परतताना माझा स्वतःचा मुलगा गाडीत मागे बसून "आई, आय नो, मला कळतं" एवढेच बोलत होता, आणि मला त्या मुलीला आणखी काहीतरी सांगायला हवे होते असे वाटत राहिले. दुसरीकडे, सहा महिने माद्रिदला राहून आलेल्या विद्यार्थ्याचे स्पॅनिश कौतुकाने प्रमाणपत्रात नोंदवले जाते आणि स्वयंपाकघरात शिकलेले स्पॅनिश 'अशुद्ध' ठरते. हा दुजाभाव मला चीड आणतो.

संस्थांचा हिशेब वेगळाच असतो. ज्या महाविद्यालयात पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी किमान २५ टक्के हिस्पॅनिक असतात, त्याला अमेरिकेत 'हिस्पॅनिकांना सेवा देणारी संस्था' म्हणून मान्यता मिळू शकते आणि केंद्र सरकारच्या काही अनुदानांसाठी अर्ज करता येतो. या संस्थांची संघटना १९८६ मध्ये सॅन अँटोनियोतच स्थापन झाली. मात्र टक्केवारी मोजते ती प्रवेश, सेवा नव्हे. टेक्सासात २०२२च्या अंदाजानुसार हिस्पॅनिक लोकसंख्या ४० टक्क्यांवर जाऊन सर्वांत मोठा गट ठरली, त्यामुळे २५ टक्क्यांची पायरी ओलांडायला इथे अनेक महाविद्यालयांना फारसे काही करावेही लागत नाही. ती मुले पदवी घेऊन बाहेर पडतात की दुसऱ्या सत्रातच गोदामातल्या रात्रपाळीकडे वळतात, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी शिकवण्या, समुपदेशक, पाळणाघर या कंटाळवाण्या गोष्टी लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने अशा आणि इतर अल्पसंख्याकांना सेवा देणाऱ्या संस्थांच्या अनुदानांपैकी सुमारे ३५ कोटी डॉलर थांबवत असल्याचे जाहीर केले. वंशाच्या टक्केवारीवर अनुदान ठरणे घटनेला धरून नाही, असे त्याचे कारण दिले गेले. त्याआधी, २०२३ मध्ये संमत झालेल्या राज्याच्या कायद्याने १ जानेवारी २०२४ पासून सरकारी महाविद्यालयांतली विविधता-समावेशन कार्यालये बंद झाली होती. विद्यार्थ्यांच्या संघटनांना आणि वर्गातल्या अध्यापनाला तो कायदा लागू नाही, म्हणून उत्सव उरला आहे. तो आता मुलेच करतात, वर्गणी काढून.

आणि मला सांगायलाच हवे, मुले तो अधिक चांगला करतात. पूर्वी कंत्राटदार ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून टाको आणत असे, आता विद्यार्थिनींच्या घरून तामाल येतात. गेल्या वर्षी एकीने मला ते करायला शिकवले. सुकलेले कणसाचे पान कोमट पाण्यात भिजवायचे, त्याची गुळगुळीत बाजू वर ठेवायची, चमच्याच्या पाठीने मक्याचे पीठ पातळ पसरायचे, मध्ये सारण, मग दुमडून उकडायचे. हळदीच्या पानावर तांदळाची उकड पसरणाऱ्या माझ्या हातांना ते लगेच जमले, फक्त पीठ मी जाड पसरते असे तिचे मत पडले. ते पीठही साधे नसते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, मग दळलेला असतो. त्या चुन्यामुळे मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागते. मका युरोपात गेला पण ही रीत गेली नाही, तेव्हा केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाच्या रोगाने ग्रासले. 'नुसते खाणेपिणे' म्हणून नाक मुरडणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे ऐकवते. जेवणातही ज्ञान असते, मात्र ज्याने ते शिजवले त्याला दोन वाक्ये बोलू द्यायला हवीत. आपल्या मंडळींच्या दिवाळी संध्येलाही हाच नियम मी लावते. तिथे नाच बसवणारे शंभर असतात, आणि करंजीची कड कशी मुरडायची हे विचारणारा एकही नसतो.

यंदा मुलांनी मला ग्रंथालयातला एक फलक दिला. मी त्यावर पांडुरंग खानखोजे लावले. वर्ध्याचे क्रांतिकारक, गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले हे गृहस्थ १९२४च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभारल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील चित्रात त्यांना पंक्तीच्या मध्यभागी भाकरी मोडताना रंगवले आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

झेंडे टांगण्याआधी या वेळी मी दोन्यांना पाळी संपल्यावर थांबायला सांगितले होते. त्यांनी चष्मा लावून सगळी ओळ तपासली, हारवाला त्रिकोण आपल्या पाटीवर आहे याची खात्री केली आणि मग माझ्या फलकापाशी थांबल्या. हे कोण, म्हणून विचारले. आमच्याकडचे, मेक्सिकोत मका शिकवायला गेले होते, असे मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितले.

"मेक्सिकोवाल्यांना मका शिकवायला इतक्या लांबून माणूस आणावा लागला होय, मिस?" त्या म्हणाल्या आणि ढकलगाडीला टेकून हसत राहिल्या. "आम्हाला विचारायचे होते की."