मरून टूलबार

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतल्या चादर कारखान्याला बिलिंगचे सॉफ्टवेअर लिहून देताना हिशेबात पैशाचा फरक पडला तर मालक तो एक वेळ पोटात घालतील, पण रंगातला फरक घालणार नाहीत, कारण ज्यांची हयात एका मरूनपासून दुसरा मरून वेगळा ओळखण्यात गेली, त्यांची नजर संगणकासमोर बसल्याने सैल पडत नाही. आमच्या मालकांना टूलबार त्यांच्या चादरीच्या मरून रंगाचा हवा होता.

विंडोज फॉर्म्स या खिडक्या-बटणे बनवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातली टूलस्ट्रिप, म्हणजे बटणांची पट्टी, २००५ साली डॉट नेट २.० या प्रोग्रामिंग व्यवस्थेबरोबर आली. तिच्या बॅककलरमध्ये, म्हणजे पार्श्वभूमीच्या रंगात, मरून भरला की पट्टी मरून होते. इथवर सारे सरळ आहे. मात्र बटणावर माउस नेला की बटण आकाशी होते.

‘सर, हे निळं मी कधी सांगितलो ओ?’

बटणालाही मरून बॅककलर दिला, तरी माउस पोहोचताच ते पुन्हा आकाशी, कारण रंगकाम पट्टीच्याही हातात नसते आणि बटणाच्याही. ते रेंडरर नावाचा तिसराच इसम करतो. हे ऐकून मालक वैतागण्याऐवजी खुलले. ‘म्हणजे माग नुसता विणतो, नक्षी जॅकार्डच्या पुठ्ठ्यात!’

या पुठ्ठ्याचे नाव प्रोफेशनलकलरटेबल. त्यापासून आपला वर्ग (क्लास) काढायचा आणि माउस आल्यावरच्या छटेची सुरुवात, मध्य आणि शेवट, मग बटण दाबल्यावरची छटा, असे एकेक रंग नव्याने लिहायचे. रेंडरर ठरवणाऱ्या रेंडरमोडच्या पर्यायांत ‘कस्टम’ असतो, पण रेंडरर न देता तोच निवडला तर प्रोग्राम अपवाद फेकतो, चूक दाखवून अडतो, म्हणजे पंगतीत वाढून वर हात लावू नका म्हणण्यातला प्रकार.

पुढे ‘नवीन बिल’ या बटणावरच्या चित्रातले राणी रंगाचे फूल नाहीसे झाले आणि देठ तेवढा उरला. पडद्यावर बटणे मांडून देणारा डिझायनर बटणाच्या इमेजट्रान्सपरंटकलरमध्ये परस्पर मॅजेन्टा लिहून ठेवतो, त्यामुळे चित्रातला निव्वळ मॅजेन्टा पारदर्शक होतो. आणि मालकांचा राणी अगदी निव्वळ होता. उरलेला देठही १६ बाय १६ पिक्सेलमध्ये चेपला गेला होता, कारण इमेजस्केलिंगसाइझचे मूळ माप तेवढेच असते.

शेवटी पट्टीच्या खालच्या काठाची फिकट रेघ राहिली, जी मला दिसतही नव्हती आणि मालकांना दारातून दिसली. ती घालवण्यासाठी ऑनरेंडरटूलस्ट्रिपबॉर्डर ही रेंडररची पद्धत (मेथड) नव्याने लिहून तिच्या आत काहीही लिहायचे नसते. ‘काठ काढणे’ म्हणून मी बिलात ते काम धरले, तेव्हा मालकांनी कोड दाखवायला सांगितला आणि दोन महिरपी कंसांमधली मोकळी जागा बराच वेळ न्याहाळली.