'यूए'च्या पुढचा आकडा बघा

मुलांना भुताचे सिनेमे दाखवण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण 'भुताचा सिनेमा यूए असेल तर मुलांना खुशाल न्या' हे पटलं नाही. यूए म्हणजे मुलांनी आई-बाबांच्या सल्ल्याने पाहायच्या सिनेमाला सेन्सॉर बोर्ड देतं ते प्रमाणपत्र, आणि 2024 पासून त्याचे 7+, 13+ आणि 16+ असे वयाचे तीन गट आहेत. तिकीट काढण्याआधी तो आकडा बघा, कारण यूएला थिएटरवाले मुलांना अडवत नाहीत, ठरवायचं आई-बाबांनीच.

माझ्या मते रक्तापेक्षा घरातलं माणूस झपाटलेलं दाखवणं लहानांना जास्त छळतं. शनिवारवाड्यातलं 'काका मला वाचवा' आपली पुण्यातली पोरं आवडीने ऐकतात, ते भूत वाड्यातच राहतं. पडद्यावर आईचाच आवाज बदलला, तर मूल रात्री कुशीत तरी कुणाच्या शिरणार? ट्रेलरवर जाऊ नका, आधी स्वतः अख्खा सिनेमा पाहा. मध्येच मूल 'घरी चल' म्हणालं, तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, लगेच उठा.