गेजमध्ये अडकलं म्हणून क्रिम्प आवळू नका

पिस्तुलाची काडतुसं घरी भरणाऱ्यांमध्ये एक सल्ला इतका फिरतो की नवशिक्याला तो नियमच वाटतो: "राउंड केस गेजमध्ये बसत नाही? साइझिंग डाय अर्धा फेरा खाली घ्या, क्रिम्प आणखी आवळा. तरी नाही बसलं तर फॅक्टरी क्रिम्प डायमधून काढा. गेजमध्ये बसलं की पिस्तुलात चालणारच." (राउंड म्हणजे भरलेलं काडतूस. केस म्हणजे त्याचं पितळी आवरण, बुलेट म्हणजे केसच्या तोंडात बसवलेली गोळी. केस गेज म्हणजे काडतूस घालून माप तपासायचं भोक. डाय म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा साचा: साइझिंग डाय वापरलेली केस दाबून पुन्हा मापात आणते, क्रिम्प डाय केसचं तोंड बुलेटभोवती आवळते, ते आवळणं म्हणजे क्रिम्प.) मी इथे टेक्ससमध्ये ९ मिमीची काडतुसं भरतो आणि सुरुवातीची दोन वर्षं मीही हेच करत होतो. (भारतातल्या वाचकांनी नुसतं वाचावं. तिथे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.)

आधी डायचं बघू. पिस्तुलाच्या साइझिंग डायच्या तोंडाशी कार्बाइडचं कडं असतं. केसचं बूड धरणारा शेलहोल्डर त्याला टेकला की डाय अजून खाली घेऊन काहीच मिळत नाही. जोर लावलात तर कडं तडकेल. केसचा जो भाग फुगलेला राहतो तो बुडाशी, खाचेच्या जरा वर असतो, आणि तेवढा भाग शेलहोल्डरमध्येच बसलेला असल्याने कड्यापर्यंत पोचतच नाही. .४० एस अँड डब्ल्यू या दुसऱ्या पिस्तुल काडतुसाच्या वेचून आणलेल्या केसेसमध्ये हा फुगवटा हमखास सापडतो. त्यासाठी अख्खी केस आरपार ढकलणारी वेगळी डाय मिळते. पण तोच उपाय ९ मिमीला जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण ही केस निमुळती आहे: बुडाशी ०.३९१ इंच, तोंडाशी ०.३८०. तोंडाच्या मापाचं कडं बुडावरून जाणार कसं?

आता क्रिम्प. सगळा घोळ इथेच आहे. ऑटो पिस्तुलाच्या काडतुसात टेपर क्रिम्पचं काम एवढंच: बुलेट बसवायला केसचं तोंड जे थोडं फाकवलं होतं ते परत सरळ करणं. बुलेटला धरून ठेवते ती केसच्या भिंतीची पकड, क्रिम्प नव्हे. हिशेब सोपा आहे. बुलेट ०.३५५, भिंत साधारण ०.०११, दोन्ही बाजूंची धरून ०.३७७. कॅलिपरवर तोंडाशी ०.३७७ किंवा ०.३७८ दिसलं की काम झालं. त्यापुढे आवळलं की शिसं दबतं आणि तसंच राहतं, पितळ मात्र थोडं उलट उसळतं, म्हणजे पकड घट्ट होण्याऐवजी सैल पडते. मग मॅगझिनमधून वर चढताना रॅम्पवर (नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) आपटून बुलेट आत सरकू शकते. ९ मिमीच्या एवढ्याशा केसमध्ये बुलेट जराशी आत गेली तरी दाब झपाट्याने वाढतो. शिवाय हे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत) टेकतं ते केसच्या तोंडावर. तोंडच चिरडलं तर टेकायला उरलं काय?

बरं, अडकतंय ते तोंडापाशीच कशावरून? गेल्या वर्षी १२४ ग्रेन वजनाच्या, वरून लेप दिलेल्या (कोटेड) गोल नाकाच्या बुलेट भरल्या. जुन्या पिस्तुलात छान चालल्या, नव्या पिस्तुलाच्या नळीत मात्र रुतून बसायच्या. सवयीने हात क्रिम्प डायकडे गेला होता. मग थांबलो, एक काडतूस काळ्या मार्करने नाकापासून बुडापर्यंत रंगवलं, पिस्तुलातून काढलेल्या नळीत सोडलं, बोटांनी जरा फिरवलं आणि बाहेर काढलं. केसवर ओरखडा नाही. शाई पुसली गेली होती ती बुलेटच्या खांद्यावर, केसच्या तोंडाच्या जरा पुढे, बारीक समांतर रेघांनी. म्हणजे बुलेट रायफलिंगला (नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) भिडत होती. क्रिम्प कितीही आवळला असता तरी त्या रेघा हलल्या नसत्या. एकूण लांबी १.१४५ वरून १.११५ इंचांवर आणली, आणि काडतूस टप्पकन आत पडून मोकळं फिरायला लागलं. अर्थात लांबी कमी म्हणजे आतली जागा कमी, म्हणून पावडरचं वजन परत खालच्या मापापासून चढवत आणावं लागलं.

शाई तोंडाच्या कडेवर पुसली गेली, तर फाकवलेलं तोंड सरळ झालेलं नाही. तेव्हा, आणि तेव्हाच, क्रिम्पला हात लावा. केसवर, आत जिथे बुलेटचं बूड येतं तिथे, एकाच बाजूला शाई पुसली गेली तर बुलेट तिरकी बसली आहे. अशा वेळी तोंड किंचित जास्त फाकवा आणि सीटिंग स्टेम (बुलेट केसमध्ये दाबणारा दांडा) बुलेटच्या नाकाला जुळतो का ते बघा.

फॅक्टरी क्रिम्प डायबद्दल थोडक्यात. तिच्यातलं कार्बाइडचं कडं भरलेलं काडतूस बाहेरून दाबतं. काडतूस गेजमध्ये बसतं हे खरं, पण ०.३५६ची शिशाची बुलेट आतल्या आत बारीक होते. मग नेम फाकतो, नळीत शिसं चिकटतं आणि दोष बुलेट बनवणाऱ्याला जातो. दुखणं झाकायचं औषध आहे ते.

शेवटचा दावा, गेजमध्ये बसलं की चालणारच. माझ्या त्या १२४ ग्रेनवाल्या सगळ्या गेजमध्ये अलगद बसत होत्या! बहुतेक गेजमध्ये रायफलिंग नसतंच, मग बुलेट भिडते की नाही हे ते सांगणार कुठून? उलटही होतं. बऱ्याचदा वापरलेल्या केसच्या बुडाच्या कडेला एक्स्ट्रॅक्टरने (रिकामी केस ओढून काढणाऱ्या आकड्याने) ओरबाडून बारीक टोक काढलेलं असतं. गेजमध्ये कडसुद्धा आत बसावी लागते म्हणून ते अडकतं. नळीत कड चेंबरच्या बाहेरच राहते, तिथे काही बिघडत नाही. अशी काडतुसं मी नळीत टाकून बघतो, टप्प आवाज आला, मोकळी फिरली आणि नळी उलटी करताच आपोआप पडली की सरावाच्या डब्यात टाकतो. मॅचच्या डब्यात नाही.