खुलासा : अपील केलं म्हणून आमदारकी टिकत नाही

कोथरूडच्या आमच्या ग्रुपवर कालपासून एक मेसेज फिरतोय : ‘सुनील केदार यांची आमदारकी सरकारने सूडाने काढली. अपील केल्यावर ती काढताच येत नाही.’ हे चुकीचं आहे.

सावनेरचे तेव्हाचे आमदार आणि माजी मंत्री केदार यांना नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक घोटाळ्यात 22 डिसेंबर 2023 रोजी पाच वर्षांची शिक्षा झाली. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8(3) नुसार सदस्य अपात्र ठरतो. विधिमंडळाने काढलेली अधिसूचना ही त्या अपात्रतेची फक्त नोंद.

पूर्वी अपिलासाठी तीन महिन्यांची सवलत होती, मेसेज बहुधा त्यावरच बेतलेला. ती सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये लिली थॉमस खटल्यात रद्द केली.

जामीन मिळाला म्हणजे दोष पुसला, असंही नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. केदार यांना उच्च न्यायालयाने जामीन दिला, पण दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवणाऱ्या निकालाला, स्थगिती नव्हती. म्हणूनच 2024 ला सावनेरमधून त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या. अशाच शिक्षेमुळे खासदारकी गेलेल्या राहुल गांधींना ती स्थगिती 4 ऑगस्ट 2023 ला मिळाली, म्हणून त्यांची खासदारकी परतली.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.